दोन कॉमांच्या मधली जागा

कॉमाबाई बोलतानासुद्धा कॉमा उच्चारायच्या. "तूरडाळ कॉमा, गूळ कॉमा, हिंग. संपलं." इथल्या इंडियन ग्रोसरीचा मालक पहिल्या खेपेला बिचारा 'कॉमा' नावाचा मसाला शोधत मागच्या शेल्फापर्यंत गेला होता. बाई गल्ल्यापाशी शांत उभ्या. "नाही मिळाला न? मला माहीत होतं."

नेपरव्हिलच्या आमच्या मराठी मंडळाची यादी त्यांच्याकडे असे. मूळच्या नागपूरच्या. इथं एका विमा कंपनीत जन्मभर सी भाषेत प्रोग्राम लिहिले आणि रिटायर झाल्यावर तोच धंदा मंडळात फुकट सुरू केला. एका घराची एक ओळ. त्या ओळीत नाव, शिक्षण, मूळ गाव, जेवणाला कोणता पदार्थ आणणार आणि फोन, मध्ये प्रत्येक ठिकाणी एक कॉमा. त्यांचा प्रोग्राम ही फाइल उघडायचा, एकेक ओळ वाचायचा, कॉमापाशी तिचे तुकडे करायचा आणि दरवर्षी त्याचं पुस्तक निघायचं. कमिटीतली आयटीची मंडळी म्हणायची, "काकू, एक्सेलमध्ये टाका ना, पाच मिनिटांचं काम." त्यावर बाई म्हणत, "पाच मिनिटांचं काम इतकी वर्षं तुम्हाला जमलं नाही न बाप्पा."

त्या घरी आल्या की आमच्या स्वयंपाकघरातले अर्धवट उघडे ड्रॉवर आधी बंद करत. सून ओशाळायची. बाई म्हणायच्या, "फाइल उघडली की बंद करायची. सवय आहे, मनावर घेऊ नको." चहा मात्र कपात कधी काठोकाठ ओतू द्यायच्या नाहीत, एक बोट जागा ठेवायला लावायच्या. म्हणे ओळ वाचणाऱ्या फंक्शनला, म्हणजे प्रोग्रामातल्या तयार तुकड्याला, आधी भांड्याचं माप सांगावं लागतं, आणि त्यातलंही एक घर शेवटाच्या खुणेसाठी राखावं लागतं. मी म्हटलं, "बाई, चहाला कसली आलीय शेवटाची खूण?" "सगळ्यालाच असते आप्पा. तुम्ही चहा घ्या."

मला इथं सगळे आप्पाच म्हणतात. मी जन्मभर साताऱ्याला छापखान्यात खिळे जुळवले, शिशाचं एकेक अक्षर उचलून उलट्या ओळी लावायचो. पदवीवाल्यांच्या चुका मी काढल्यात. शाळेशी संबंध थोडाच आला. त्यामुळे मंडळाचा कागद आला तेव्हा 'शिक्षण' या शब्दापुढं मी काही लिहिलं नाही. खोटं लिहिणार नव्हतो, आणि खरं कुणाला सांगायचं कारण नव्हतं. नाव लिहिलं, शिक्षण कोरं, गाव सातारा, पदार्थ पिठलं, खाली फोन.

पुस्तक आलं. माझ्या नावापुढं शिक्षण: सातारा. मूळ गाव: पिठलं. पदार्थाच्या जागी फोन नंबर, आणि फोनच्या जागी 'नल', म्हणजे 'काही नाही', असं इंग्रजीत काहीतरी. साऱ्या नेपरव्हिलला हसायला विषय मिळाला. दिवाळीच्या कार्यक्रमात एक डॉक्टरीणबाई मला विचारते, "काका, तुम्ही नंबर तळून आणणार की वाफवून?" आणि कॉमाबाई, जिच्या प्रोग्रामनं हे केलं ती बाई, खोलीच्या पार दुसऱ्या टोकावरून ओरडली, "या, पिठलंकर!"

दुसऱ्या दिवशी त्या छापलेले कागद घेऊन घरी आल्या. ड्रॉवर बंद केले. म्हणाल्या, "माझ्या प्रोग्रामात एवढ्या वर्षांत चूक नाही. शिक्षणापुढं एक रेघ मारा आप्पा, झालं."

"रेघ कशाला? मी काय खोडलेला माणूस आहे?"

मुलगा म्हणाला, "बाबा, काहीतरी टाका ना. एन ए टाका."

"तुझं तू टाक," मी म्हटलं.

मग बाईंनी कागदावर माझी ओळ लिहून दाखवली. नावापुढं कॉमा, लगेच दुसरा कॉमा. तुकडे करायला त्या जे फंक्शन वापरत त्याचं नाव स्ट्रटोक. सीच्या लायब्ररीत ते तयार मिळतं. पण दोन कॉमा लागून आले की त्या फंक्शनला ते एकच वाटतात. मधली रिकामी जागा ते गिळून टाकतं आणि पुढचं सगळं एक घर अलीकडं सरकतं.

मी म्हटलं, "हे तुमचं फंक्शन आमच्या छापखान्यात एक दिवस टिकलं नसतं." मग मी त्यांना कोरा खिळा सांगितला. दोन शब्दांच्या मध्ये शिशाचा एक तुकडा बसवतात. उंचीला जरा कमी, त्यामुळे त्याला शाई लागत नाही, कागदावर तो दिसत नाही. पण तो नसला की ओळ सैल पडते आणि उचलताना सगळी अक्षरं हातात येतात. "आमच्याकडं रिकामी जागासुद्धा हातानं उचलून बसवावी लागते, बाई. आपोआप होत नाही ती."

बाई उठल्या. कागद उचलले आणि गेल्या. चहा तसाच राहिला. आठ दिवस फोन नाही. मला वाटलं, मोडली मैत्री एका कोऱ्या रकान्यापायी. पण मीही फोन करणारा नव्हे.

नवव्या दिवशी फोन. "आप्पा, स्ट्रसेप."

"कोण?"

"दुसरं फंक्शन. रिकामी जागा आली की रिकामी म्हणूनच परत देतं. कुणाला अलीकडं सरकू देत नाही."

"मग आधीपासून तेच का नाही वापरलंत?"

म्हणाल्या, "या गावात शिक्षणाचा रकाना आजवर कुणी कोरा सोडलाच नव्हता न बाप्पा. सगळे एम एस. मला कसं कळणार?"

चुकले असं काही त्या म्हणाल्या नाहीत. पण पुढं कधीतरी प्रोग्राम दाखवला, त्यात त्या ओळीच्या डोक्यावर इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, 'आप्पांचा कोरा खिळा'. म्हणाल्या, "ही ओळ मशीन वाचत नाही, माणसासाठी असते." पुढच्या वर्षीच्या पुस्तकात माझं शिक्षण मोठ्या ऐटीत कोरं होतं.

बर्फात चालणं गुडघ्यांना झेपेना, तेव्हा त्या बर्फ न पडणाऱ्या शुगर लँडला मुलीकडं राहायला गेल्या. जाताना मंडळाच्या सेक्रेटरीला बजावलं, "यादीत सतरा नंबर माझा. फोन बदला, ओळ हलवू नका." तिथूनही मला फोनवर पिठलंकर म्हणत. गेल्या उन्हाळ्यात मुलीचा फोन आला. बाई गेल्या.

मग सेक्रेटरीनं यादी वेबसाइटवर नेली. नव्या फॉर्मात शिक्षणापुढं लाल चांदणी, ते भरल्याशिवाय तो पुढं सरकत नाही. मीही सरकलो नाही. दोन महिने माझं नाव लटकलं होतं. तेवढ्यात पुस्तकाचा कच्चा खर्डा आला. सतरा नंबरवर अठरावं घर येऊन बसलेलं, आणि पुढची सगळी घरं एकेक वर चढलेली.

मी सेक्रेटरीला फोन केला. "सतरा नंबर का काढलात?"

"काका, काकू गेल्या ना. म्हणून डिलीट केलं."

"त्या गेल्या ते माहीत आहे. त्यांची जागा कुठं गेली?"

चांगला आहे तो, फक्त घाईत असतो. "ओके काका, मी तो नंबर मॅन्युअली ब्लँक ठेवतो. पण प्लीज, तुमचा फॉर्म पेंडिंग आहे. तेवढं एज्युकेशन भरून टाका. डील?"

मुलाचा लॅपटॉप मांडीवर घेतला. आयुष्यात लाखो अक्षरं जुळवली, पण ही दोन बसवायला बराच वेळ लागला. चौथी. मुलगा मागून वाचत होता. "बाबा, शुअर?" मी बटण दाबलं.

पुस्तक आलंय. माझं शिक्षण चौथी, गाव सातारा, पदार्थ पिठलं, सगळं जागच्या जागी. वर सतरा आकडा आहे आणि त्याच्यापुढं काही नाही. लोक सेक्रेटरीला विचारतात, सतरा नंबर छापायचा राहिला का? तो माझ्याकडं पाठवतो.

मी सांगतो, राहिलेला नाही. जुळवलेला आहे.