नुसतं बसवून ठेवलं होतं

“अटकच नाही, तर अटकेची नोंद कुठून आणू, मॅडम? शेतातून उपटून आणू का?”

ठाणे अंमलदार माझ्याकडे न बघता बोलत होते. ठाणे अंमलदार म्हणजे ड्यूटीवरचा तो पोलीस, जो ठाण्यात आलेल्या-गेलेल्याची पहिली नोंद करतो. करायला हवी, असं म्हणू.

माझ्या शेजारी मंदा उभी होती. तिचा नवरा सोमा जेलमध्ये होता. राजुरीत विहिरींवरच्या मोटारींची केबल चोरीला गेली, त्यात त्याला धरलं होतं. आणि ज्या दोन रात्री ती केबल गेली, त्या दोन्ही रात्री सोमा ह्याच ठाण्यात, ह्याच खिडकीमागच्या बाकड्यावर होता.

म्हणजे बघा, चोरी झाली तेव्हा आरोपी पोलिसांच्याच ताब्यात. घोडेगाव-जुन्नरच्या कोर्टात इतकी वर्षं काळा कोट घालून फिरते, पण इतकी सोपी केस कधी आली नव्हती, असं मला वाटलं. ठाण्यातला कागद मागायचा, कोर्टापुढं ठेवायचा, माणूस घरी न्यायचा. कर्म माझं!

सोमा तळेघरच्या अंगाला एका वाडीत राहतो. भात, नाचणी, आणि उरलेल्या दिवसांत एका रिसॉर्टवर वॉचमन. रिसॉर्टचा इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या गेल्या. पोलीस आले, “जरा चौकशी आहे, चल” म्हणाले. मोबाईल काढून घेऊन बंद केला. दोन रात्री बाकड्यावर, दिवसा जीप धुवायला, पाणी भरायला. मंदा भाकरी बांधून डोंगर उतरायची. एसटीचा भरवसा नाही, म्हणून निम्मी वाट चालत. तिसऱ्या दिवशी “जा, लागलं तर बोलवू.” त्या चोरीत त्याचं नावही लागलं नाही.

ह्याला आपल्याकडं ‘बसवून ठेवणं’ म्हणतात. कायद्यात हा शब्द नाही. कायद्यात माणूस एक तर अटकेत असतो, नाहीतर मोकळा. चौकशीला बोलवायचं तर लेखी नोटीस लागते. अटक केली तर घरच्यांना कळवावं लागतं, चोवीस तासांत न्यायाधीशांपुढं उभं करावं लागतं. बसवून ठेवलं की ह्यातलं काहीच नको. आणि गंमत अशी, की लोकांनाही तो शब्द गोड लागतो. “अटक न्हाई झाली वो, नुसतं बसवून ठेवलं व्हतं,” म्हटलं की घराण्याची अब्रू शाबूत.

पुढं राजुरीची केबल एका भंगारवाल्याकडं सापडली. त्याने जी नावं घेतली, त्यात सोमाचं होतं. कसं आलं, देव जाणे. दुसऱ्या ठाण्याच्या पोलिसांनी येऊन त्याला उचललं. ह्या वेळी मात्र रीतसर अटक, सगळे कागद टापटीप.

मी कामाला लागले. पोलिसांची कागदपत्रं मागायची रीत लोकांना माहीत नसते, म्हणून सांगते. एफआयआर बहुतेक गुन्ह्यांत पोलिसांच्या वेबसाईटवरच मिळतो. अटक केलेल्यांची यादीही तिथं पाहता येते. ठाण्यात दिवसभर काय घडलं, कोण आलं, कोण गेलं, हे स्टेशन डायरीत लिहिलेलं असतं. ती अशी सहज कोणी दाखवत नाही, म्हणून माहिती अधिकारात अर्ज करायचा. अर्जाला कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

यादीत सोमाचं नाव नव्हतं. असणार कसं? मी मंदाच्या नावाने अर्ज टाकला. डायरीच्या प्रती मागितल्या, ठाण्यातल्या कॅमेऱ्याचं चित्रण मागितलं. मुदत भरत आली तेव्हा उत्तर आलं: “सदर इसमास अटक करण्यात आलेली नाही. तसेच सदर कालावधीत तो पोलीस ठाणे येथे हजर असलेबाबत नोंद आढळून येत नाही. सीसीटीव्ही चित्रण तांत्रिक बिघाडामुळे उपलब्ध नाही.”

मी वरच्या साहेबांकडं अपील केलं. साहेब सभ्य होते. चहा मागवला.

“मॅडम, नोंद नाही तर मी काय देऊ?”

“साहेब, माणूस दोन रात्री तिथं होता.”

“असेल. पण रेकॉर्डवर नाही ना.”

“मग रेकॉर्डवर का नाही, एवढंच लिहून द्या.”

“तुम्ही रेकॉर्डवर असलेली माहिती मागू शकता. कारणं नाही.”

चहा मी तसाच ठेवून उठले. कायद्याने साहेब बरोबर होते, आणि त्याचीच जास्त चीड आली.

ठाण्यासमोर टपरी आहे. टपरीवाल्याने सोमाला दोन्ही दिवस चहा पोचवला होता. त्याला साक्षीचं विचारलं, तर तो कपबशा विसळत राहिला.

“वकीलबाई, पाह्यलं म्या. लई वाईट वाटलं. पण मला हितंच धंदा करायचाय. तुमी जाल राव कोटात, मी कुठं जाऊ?”

मी पुन्हा विचारलं नाही. तरीही हिंमत सोडली नव्हती. मंदा स्वतः साक्षीदार होती. ती भाकरी घेऊन गेली होती, तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. मग चार्जशीट हातात आलं, म्हणजे पोलिसांनी कोर्टात दिलेला तपासाचा गठ्ठा. त्यात मंदाच्या शेजारच्या चुलतसासूचा जबाब होता: “सोमा त्या वेळी राजुरी येथे कांदा काढणेकामी गेला असल्याचे त्याचे पत्नीने मला सांगितले होते.”

मी मंदाला ऑफिसात बोलावलं आणि जबाब वाचून दाखवला.

“हे तू बोललीस?”

तिने पदर तोंडाला लावला. “व्हय.”

“अगं, का?”

“मग काय सांगू, बाई? म्हातारी इचारत व्हती, सोमा दिसत न्हाई. ठाण्यात बसवलाय म्हनू? पोरीची सोयरीक बघतोय आमी. दर साली मान्सं राजुरीला कांद्याला जात्यात, तर तेच तोंडाला आलं. मला काय ठावं, तिथं चोरी व्हनारे!”

वरच्या वाड्यांत हे सगळेच करतात. माणूस ठाण्यात नेला की तो कुठंतरी मजुरीला गेलेला असतो, नाहीतर पाहुण्यांकडं. मंदानेही तेच केलं. फक्त तिच्या तोंडून गाव निघालं ते राजुरी! म्हातारीही खोटं बोलली नव्हती. जे ऐकलं ते तिने सांगितलं. आता मंदा साक्षीला उभी राहिली असती, तर सरकारी वकिलांनी पहिला प्रश्न काय विचारला असता, हे सांगायला वकील लागत नाही.

तरी मी लढायला तयार होते. भंगारवाल्याचा शब्द सोडला तर सोमाविरुद्ध पुरावा असा नव्हताच. पण जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळेना. एकाच सातबाऱ्यावर सगळ्या भावकीची नावं, आणि चोराला जामीन कोण राहणार? तेवढ्यात भाताची आवणी, म्हणजे लावणी, तोंडावर आली. रोपं तयार, चिखल करायला घरात माणूस नाही. जेलच्या भेटीत सोमाने मला विचारलं,

“वकीलबाई, कबूल झालो तर सोडत्यात म्हनं?”

“भोगलेली कैद धरून सोडतील कदाचित. पण सोमा, तू केलेलं नाहीस. आयुष्यभर डाग राहील.”

“डाग धुता येईल वो. आवणी गेली तर वरीसभर खायाचं काय?”

मी भांडले, समजावलं, शेवटी ओरडले सुद्धा. त्याने ऐकलं नाही. कोर्टात न्यायाधीशांनी नियमाप्रमाणे विचारलं, “कुणाच्या दबावाखाली कबूल करताय का?” सोमा म्हणाला, “न्हाई.” भाताचा दबाव कायद्यात बसत नाही. भोगलेली कैद हीच शिक्षा धरून तो सुटला, आणि दुसऱ्या दिवशी गुडघाभर चिखलात उभा होता.

तेव्हापासून माझ्याकडं जो येतो त्याला मी एकच सांगते. माणूस ठाण्यात नेला की गावभर बोंब मारा. एकशे बाराला फोन लावा, फोनवर ‘बसवलंय’ म्हणू नका, ‘डांबून ठेवलंय’ म्हणा. त्याच दिवशी लेखी अर्ज द्या आणि शिक्का घ्या. ते लिहीत नसतील तर तुम्ही लिहा. अब्रू नंतर बघू.

सुगी झाल्यावर सोमा-मंदा परत आले. एका कंपनीच्या गोडाऊनवर वॉचमनची जागा होती, त्यासाठी पोलिसांचा चारित्र्याचा दाखला हवा होता. मी म्हटलं, नका मागू. त्याने मागितला. ऑनलाईन अर्ज केला, आणि आठवड्याच्या आत उत्तर आलं. राजुरीचा गुन्हा, कलम, अटक, शिक्षा, सगळं नीट छापलेलं, एका अक्षराची चूक नाही.

मी ते वाचून दाखवलं. सोमा टोपी हातात घेऊन खिडकीबाहेर बघत राहिला. मंदाने कागद माझ्याकडून घेतला, उलटसुलट करून पाहिला.

“ह्यो बरा लगेच घावला वो ह्यास्नी?”