ज्वारीवर जोरात, चन्यावर हळू

आमच्या घरातलं पळायचं मशीन ज्वारीवर सगळ्यात जोरात पळत असे. गव्हावर मध्यम. आणि चन्याच्या डाळीवर तर ते इतकं हळू चाले, की त्यावर चालता चालता मी वेणी घालून घेत असे. हे सांगितलं की आजकालची मुलं माझ्याकडे काळजीने बघतात. (बघू द्या. त्यांच्या मशीनला पंखा असतो, आमच्या मशीनला मामाजी होते!)

मामाजी म्हणजे माझे सासरे. रामदासपेठेत आमची पिठाची चक्की होती. पुढे चक्की, मागे घर. मी पारशिवनीहून त्या घरात सून म्हणून आले. माहेरी मी पळत असे. कुत्रं मागे लागल्यावर सगळेच पळतात, तसं नव्हे! शर्यतीत पळत असे, आणि तालुक्याच्या मैदानावर माझ्या पुढे कुणी जात नसे. बक्षिसांचं मला फार नव्हतं. मला आवडायचा तो कानांत घुसणारा वारा, आणि दोन्ही पाय जमिनीवरून सुटतात तो अर्धा क्षण. लग्नानंतर मी सगळं काही केलं, फक्त तो अर्धा क्षण काही परत मिळाला नाही. सून पळाली म्हटल्यावर नागपुरात कुणी आनंदाने पेढे वाटत नाही.

एके दिवशी आमचे हे हिंगण्याहून कंपनीच्या बसने आले ते बूट न काढता थेट स्वयंपाकघरात.

"ऐकलं का वं? यंदा कंपनीच्या खेळात बायकांसाठी पळाची शर्यत हाय. लिंबू-चमचा बंद!"

"कुणाच्या बायकांसाठी?"

"आमच्याच! लोकाच्या बायकांसाठी कंपनी कायले शर्यत ठेवते?"

त्या दिवशी माझ्या सगळ्या पोळ्या करपल्या. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्या मुकाट्याने गाईला घातल्या. गाईनेही जरा विचार करूनच खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पदर खोचला, ह्यांचे कॅनव्हासचे बूट घातले आणि रस्त्यावर पळायला निघाले. आता रामदासपेठेत दर चार घरांमागे एक दवाखाना! तिथे बाई पळताना दिसली की लोक एकच गोष्ट समजतात. पहिल्या वळणावर सायकलरिक्षावाला माझ्या बाजूने रिक्षा मारायला लागला.

"बसा ना बाई! कोन्त्या दवाखान्यात जाऊन राहिल्या?"

"कुठंच नाही!"

"असं म्हनू नोका बाई. हिंमत ठेवा. कोन हाय अंदर?"

मी वेग वाढवला. त्याने पण वाढवला. दुधवाला थांबला, एका आजोबांनी टोपी काढली. मी धापा टाकत घरी परतले तर बातमी माझ्या आधी पोहोचलेली! शेजारच्या वनिताकाकू आत्याबाईंच्या खांद्यावर हात ठेवून बसल्या होत्या, अंगणात चपलांचा ढीग, आणि कुणीतरी चहाचं आधण चढवलेलं. तेवढ्यात मामाजी टॉवेल गुंडाळून न्हाणीतून बाहेर आले आणि विचारते झाले, "कोन गेलं गा?"

सगळ्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू जायचं त्यांनीच होतं आणि आंघोळीला उगाच इतका वेळ लावला. माणसं चहा पिऊनच गेली.

"उद्यापासून घरातच पळजो बाई," आत्याबाई म्हणाल्या. घरात पळायचं म्हणजे चुलीपासून मोरीपर्यंत. मी ते पण करून पाहिलं. चौथ्या पावलाला मोरी येई.

इकडे, आपल्यासाठी जमलेली माणसं बघून मामाजींच्या छातीत खरंच धडधडायला लागलं. मग त्यांना घेऊन मी गल्लीतल्याच हृदयाच्या डॉक्टरांकडे गेले (चालत!). डॉक्टरांनी त्यांना छातीला वायरी लावून एका सरकत्या पट्ट्यावर चालायला लावलं. ते मशीन मी पाहिलं आणि जागीच थबकले. पट्टा मागे जातो, माणूस पुढे जातो, आणि दोघंही जिथल्या तिथे! कुणाच्या दारावरून जाणं नाही, कुणी रिक्षा घेऊन मागे लागणं नाही! सगळे मामाजींच्या छातीकडे बघत होते आणि मी त्यांच्या पायांखाली.

"डॉक्टरसाहेब, मी जरा पळू का यावर?"

"तुम्हाला काही त्रास होतो का?"

"हो."

"काय होतं?"

"पळावंसं वाटतं."

डॉक्टर म्हणाले, यावर आपल्याकडे उपचार नाही. मामाजींनी मात्र चालता चालता मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, हे मशीन किती हॉर्सपावरचं हाय?"

मामाजींचं हृदय ठणठणीत निघालं. बाहेर पायरीवर चप्पल घालताना ते एवढंच बोलले, "सूनबाई, पट्टाच हाय ना तो. जल्मभर पट्ट्यासंगच राहिलो मी."

पण आधी बाजार बघायचा असं ठरलं. मामाजी, हे आणि मी सीताबर्डीवर गेलो. तिथल्या एका दुकानात व्यायामाचं मशीन होतं, आणि दुकानदाराला त्याचा फार अभिमान होता.

"देखो काकाजी, इसमें मीटर है, घंटी है, सामने आरसा है, कमर हिलाने का पट्टा अलग से!"

मामाजींनी त्याला, म्हणजे मशीनला, एक थाप मारली. मशीन बराच वेळ थरथरत राहिलं. मग त्यांनी वाकून त्याच्या पोटाखाली पाहिलं, रूळ फिरवून कान लावला आणि मला म्हणाले, "चढ. जोरात पळ. लाजू नोको."

मी दुकानात पदर खोचला आणि पळाले. सहाव्या-सातव्या पावलाला पट्टा गोळा होऊन एका बाजूला गेला, घंटी वाजायला लागली ती थांबेना, आणि आरसा हळूच कलून दुकानदाराच्या मांडीवर आला.

"बहू को धीरे चलने बोलो!" दुकानदार ओरडला.

"धीरे चालाले तिले मशीन कायले पायजे गा?" मामाजी म्हणाले. "हे पळाचं नाही, पाह्याचं मशीन हाय. चला."

मग ह्यांनी ते काम अंगावर घेतलं. कंपनीतून मोडीत निघालेले लोखंडी रूळ रीतसर परवानगीने आणले, जाड रबरी पट्टा आणला, आणि सुट्टीच्या दिवशी अंगणात वेल्डिंग सुरू झालं. ह्यांनी कागदावर फार सुंदर मशीन काढलं होतं. मामाजी एकेक गोष्ट त्यातून कमी करत गेले.

"मीटर?"

"काहून? ते काय टॅक्सी हाय का?"

"धराले दांडा?"

"पळनारा मानूस काही धरून पळते का गा?"

"बाबा, बंद कराले बटन तं पायजे!"

"चक्कीले हाय ना बटन!"

कारण मोटार वेगळी नव्हतीच! चक्कीच्या मोटारीवरून एक जादा पट्टा भिंतीतल्या भोकातून मागच्या खोलीत आणला, आणि चक्कीची दहा हॉर्सपावरची मोटार आमच्या मशीनला जोडली. तयार झालेल्या मशीनवर मामाजींनी गव्हाची दोन पोती ठेवून पाहिली. हूं की चूं नाही. "आता चढ," ते म्हणाले. पोतं आणि सून, दोघांनाही त्यांचा कस एकच होता.

ह्यांचा जुना पायजमा आणि कंपनीचा खाकी शर्ट घालून मी चढले. चक्की सुरू झाली, पट्टा सरकला, आणि मी पळायला लागले. आधी पाय अडखळले, मग त्यांना आठवलं. समोर चुन्याची भिंत होती, पण मला माहेरच्या बांधावरचं गवत दिसत होतं. खोलीत वारा नव्हता, पण मला तो लागत होता. इतक्या वर्षांनी ते दोन्ही पाय एकदम सुटले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी रडत रडत पळत होते आणि इतकी खूश मी लग्नातही नव्हते. (हे ह्यांना माहीत आहे.)

पण एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. मोटारीचा पट्टा जुना होता, ओढ वाढली की घसरायचा. चक्कीत धान्य असलं की माझा वेग कमी, आणि धान्य संपलं की मोटार मोकळी, पट्टा घट्ट, आणि वेग एकदम दुप्पट! त्या दिवशी चक्कीत वनिताकाकूंची चन्याची डाळ पडत होती, त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या लाडवांसाठी. डाळ संपली. मामाजी काकूंशी बोलत होते. मला फक्त एवढं आठवतं की भिंत एकाएकी लांब गेली. धरायला दांडा नव्हता. मी उलटी, बसल्या अवस्थेत, दारातून थेट चक्कीत आले, ती काकूंच्या बेसनाच्या परातीत!

धूर बसावा तसं बेसन खाली बसलं तेव्हा काकूंना पिवळीधमक मी दिसले. डोक्यापासून पायापर्यंत.

"अवं बाई!" काकू म्हणाल्या. "हळद तं माह्या पोरीची हाय ना वं?"

लाडू दुसऱ्या डाळीचे झाले. पण त्या दिवसापासून मामाजींनी शिस्त घालून दिली. एक धान्य संपण्याआधीच ते दुसरं टाकत, आणि टाकण्याआधी भिंतीतल्या भोकाला तोंड लावून ओरडत. "गहू!" म्हणजे बेताचा वेग. "ज्वारी!" म्हणजे जीव खाऊन पळ, कारण ज्वारी हलकी. "चना!" म्हणजे पाय आवर, श्वास घे. मी विचारही करत नसे. आवाज कानात आला की पाय आपले आपण वेग बदलत. मी जोर धरला की मामाजी मुद्दाम ज्वारीवाल्यांना पुढे घेत. बिचारे गहूवाले डबे घेऊन ताटकळत. कुणी कुरकुर केली की मामाजी म्हणत, "थांब गा जरा. सून पळून राहिली."

हे वाक्य ते असं म्हणत, जणू घरात दिवाळी आहे. आणि मला तिकडे भिंतीआड पळता पळता ऐकू येई.

शर्यतीचा दिवस आला. हिंगण्याचं मैदान, पांढऱ्या फक्कीच्या रेघा, बाजूला तंबू. कंपनीच्या बायका पदर खोचून उभ्या. चक्की बंद ठेवून मामाजी आले होते, धुतलेलं धोतर नेसून. आत्याबाई आणि हे त्यांच्या बाजूला. मी रेघेवर वाकले, तळहाताला माती लागली, आणि मला वाटलं, आता मला काही नको. बस एवढं एकदा.

शिट्टी झाली. मी सुटले. अहो, काय सुटले! कानांत वारा! खरा वारा! अर्ध्या मैदानापर्यंत माझ्या आजूबाजूला कुणी नव्हतं. मागून मामाजींचा आवाज आला, भिंतीच्या भोकातून येई तसाच खणखणीत:

"ज्वारी, सूनबाई! ज्वारी!"

तंबूतले साहेबलोक एकमेकांकडे बघायला लागले. मी उडत होते. समोर फीत दिसत होती, दोघी तिघी टोकाला धरून उभ्या होत्या. आणि नेमक्या त्या वेळी, फितीच्या बाजूला टोपली घेऊन उभ्या असलेल्या फेरीवाल्याने गिऱ्हाईक यावं म्हणून हाळी दिली:

"चनाऽऽ! गरम चनाऽऽ!"

माझे पाय आवरले.

मी त्यांना सांगत होते, अरे पळा! हे आपले मामाजी नाहीत! पण पाय काही ऐकेनात. मी अगदी शिस्तीत वेग कमी केला आणि दीर्घ श्वास घेतला. माझ्या उजवीकडून एक गेली, डावीकडून दोघी गेल्या, मग उरलेल्या सगळ्या गेल्या. शेवटून पहिली आले मी. मागून मामाजींचा आवाज मैदानभर घुमला:

"काहून ओरडला बे तू? काहून ओरडला?"

फेरीवाला टोपली डोक्यावर घेऊन पळाला. आणि तुम्हाला सांगते, त्या दिवशी त्या मैदानावर सगळ्यात जोरात तोच पळाला.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत रडले. शेवटी मामाजी हळूच म्हणाले, "त्या अर्ध्या मैदानापर्यंत मी पाह्यलं बाई. तुह्या पुढं कोनी नव्हतं." पुढच्या वर्षी कंपनीने पुन्हा लिंबू-चमचा सुरू केला.

आता मामाजी नाहीत. चक्की नाही, तिथे औषधांचं दुकान आहे. परवा लेकीने माझ्यासाठी घरी नवं मशीन आणलं. त्याला मीटर आहे, दांडा आहे, पंखा आहे, गाणीसुद्धा आहेत. मी आधी त्याला एक थाप मारून पाहिली. थरथरलं.

"आई, कोणत्या स्पीडवर लावू?"

मी वर चढले आणि दांडा सोडला. भिंतीकडे पाहिलं. तिला भोक नव्हतं, तरी मी कान देऊन उभी राहिले. मग म्हटलं, "जोरात लाव गं. एकदाच."

लावलं तिने. दोन पावलं फार छान गेली. तिसऱ्याला मी जिवाच्या आकांताने ओरडले, "चना! चना!!" मशीनने ढिम्म ऐकलं नाही. भिंतीपलीकडे कुणी मूठभर डाळ टाकणारं नव्हतं. तेव्हा मी गेले तशीच, उलटी, बसल्या अवस्थेत, थेट सोफ्यावर. परात नाही, बेसन नाही. जमाना सुधारला म्हणतात तो एवढाच!