दुकानातला चहा

आज गुलमंडीत नुसत्याच साड्या बघत बसले होते. दुकानदारानं चहा मागवला आणि त्या वासासरशी वीस वर्षांपूर्वीचा इस्तंबूलचा बाजार आठवला.

सकाळभर सुलतानांचा राजवाडा हिंडून आईचा घसा कोरडा पडला होता. गालिचेवाल्यानं काचेच्या चिमुकल्या पेल्यात लालसर चहा पुढं केला, तर तिनं हात पदराखाली घेतले.

“नाय गं, दुकानातला चहा पिला की माल घ्यावाच लागतो.”

शेवटी तिला राहवलं नाही. चहा प्याली आणि भिडेपोटी चांगला चार हात लांब गालिचा घेतला. ते ओझं माझ्या खांद्यावर आलं, म्हणून मी लई चिडले होते.

आता त्याच गालिच्यावर बसून ती शेंगा फोडते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला इस्तंबूल सांगते.

आईला शोभेल अशी जांभळी साडी समोर होतीच. मी कप उचलला.