हौदातलं अंदमान

आमच्या भूगोलाच्या बाईंनी घरच्या हौदात अंदमान बांधलं होतं. जुळे सोलापुरातल्या त्यांच्या घरामागे वापरायच्या पाण्याचा मोठा हौद होता. त्याच्या तळाशी विटा-सिमेंटची उत्तर-दक्षिण डोंगररांग त्यांनी स्वतः उभी केली. नळाला पाणी आलं आणि हौद भरला, की नुसते शेंडे वर राहत. ती बेटं!

त्यांच्या सासूबाई दुधनीच्या. त्या करवादायच्या, "पाण्याच्या जागी डोंगर घातलीस, आता कापडं काय तुज्या अंदमानावर धुवायची व्हय?" बाई हसून त्यांना बादली भरून द्यायच्या.

आम्ही मुली शिकवणीला जायचो. पुढचं पाणी येईपर्यंत हौद उतरत जाई, बेटं रुंदावत, आणि शेवटी सगळी मिळून एकच लांबलचक डोंगर उरे. "बेट म्हणजे तरंगणारी जमीन नव्हे, पोरींनो," बाई सांगायच्या. "बुडालेल्या डोंगराचं डोकं आहे ते. खाली केवढा असेल, विचार करा की!" माझ्या अंगावर काटा यायचा. परीक्षेत मात्र निम्म्या वर्गानं लिहिलं, की अंदमानची बेटं नळ आल्यावर वेगळी होतात. बाई पोट धरधरून हसल्या आणि सगळ्यांना अर्धा मार्क देऊन मोकळ्या झाल्या.

समुद्र त्यांनी स्वतः कधीच पाहिला नव्हता. निवृत्तीनंतर काचबिंदूनं नजर आक्रसत गेली, नाकासमोरचं तेवढं दिसू लागलं. तेव्हा मला त्यांचा फोन आला. "मुलगा म्हणतो, आता जाऊन काय दिसणार? पण आहे तेवढ्या नजरेत एकदा बघायचंय गं. तू येतेस का?"

अंदमानला गेलो. ओहोटीच्या वेळी आम्ही दोघी गुडघाभर पाण्यात उभ्या होतो. पाणी फिकं हिरवं, तळाची वाळू दिसणारं. पण पुढे एका रेषेपाशी ते एकदम गर्द निळं झालं होतं. बाजूची झाडं, होड्या बाईंना दिसतच नव्हत्या. समोरची ती रेषा दिसली. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"तिथनं डोंगर उतरतो बघ," एवढंच म्हणाल्या. त्यांनी त्या निळ्या पाण्याला हात जोडले. मला रडू आवरलं नाही.

परवा भेटायला गेले होते. नजर आता पूर्ण गेली आहे. शेजारच्या काकू कळवळून म्हणाल्या, "बाई, सगळा अंधारच का हो?"

"अंधार कुठला," बाई म्हणाल्या, "निळं आहे की."