चाळीस जाकिटं

कारखान्यात तिला सगळे उसवणबाई म्हणत. बोटीवरच्या माणसांसाठी तरंगती जाकिटं शिवून आली, की ती एकेक पट्टा ओढून बघायची. टाका कच्चा निघाला, की सरळ उसवून परत. चांगल्या मालाच्या चिठ्ठीवर तिची सही.

मुळात बाई अशी नव्हती. लग्नानंतर कितीतरी वर्षं समोरच्याला बरं वाटेल तेच बोलायची. मग थोरल्या जावेनं तिला शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायला बसवलं. जावेची रीत न्यारी. आठवडाभर एकच वचन. "पाठ झालं का?" असं ती विचारायची नाही. विचारायची, "आज ते कुठं आडवं आलं?"

खोटी साक्ष देऊ नये, हे तर पहिल्याच दिवशी आडवं आलं. दार वाजलं, नवरा म्हणाला, "मी घरी नाही म्हणून सांग." बाईनं दारात जाऊन सांगितलं, "आहेत घरात, पण भेटायचं नाहीये त्यांना." नवऱ्यानं दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी स्वतःच हसला.

अशी ती वर्षानुवर्षं घडत गेली.

एकदा दोऱ्याची खेप कुजकी आली. चाळीस जाकिटं शिवून तयार, ट्रक दारात उभा. बाईनं पट्टे ओढले आणि चिठ्ठी कोरीच परत दिली.

"एक सही तर करायचीय," व्यवस्थापक म्हणाला.

"सही म्हणजे साक्षच की. नाही जमायचं."

मालक बाईच्याच चर्चच्या पंचांपैकी. त्यांनी थेट तिथल्या पाळकांना, धर्मगुरूंनाच बोलावून आणलं.

"ताई, धन्याचं ऐकावं असं शास्त्रातच आहे ना?" पाळक मऊपणे म्हणाले.

"आहे. त्याच्याच पुढं धन्यांना सांगितलंय, की तुमचाही धनी वर बसलाय. तेवढं वाचून दाखवलंत का मालकांना?"

बाईनं एक जाकीट उचललं. "हे घाला बरं." पाळकांनी ते अंगात घातलं. तिनं पट्टा ओढला, तो तटकन तिच्या हातात आला. पाळकांनी जाकीट काढून ठेवलं. मालकांकडे न बघताच ते म्हणाले, "मी यांना सही करा म्हणून सांगणार नाही."

"मग मी करतो!" व्यवस्थापकानं पेन काढलं.

बाईनं कात्री घेतली. पहिल्या जाकिटाचे पट्टे कापले, दुसऱ्याचे कापले. व्यवस्थापक ओरडत पुढं आला, तशा शिलाईवाल्या दोघी उठल्या आणि आपापल्या कात्र्या घेऊन तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. चाळीसच्या चाळीस जाकिटं कापून झाली, तेव्हा ट्रक रिकामाच निघून गेला होता.

"उद्यापासून येऊ नकोस!" मालक कडाडले.

"येत नाही. पण नव्या दोऱ्यानं शिवा," ती म्हणाली आणि डबा उचलून निघाली.

तिघींचीही नोकरी गेली. त्यांनी बाईच्या पुढच्या खोलीत मशिनं मांडली, पडदे नि गणवेश शिवायला घेतले. पहिले काही महिने ओढाताणीचेच गेले. पंच मंडळींनी निरोप धाडला, की रविवारी जरा मागं बसावं, मालकांना अवघडल्यासारखं होतं.

बाईनं निरोप नीट ऐकून घेतला. रविवारी ती लवकर गेली, पहिल्या बाकावर बसली आणि शेजारी दोघींसाठी जागा धरून ठेवली.