मामांचा वादातला रस्ता

आमच्या हिच्या मोठ्या मामांइतके रस्ते या देशात कुणी आखले नसतील. त्यातल्या एकावरूनही आजवर बैलगाडीसुद्धा गेलेली नाही, ते सोडा.

मामा तरुणपणी सर्वेक्षणाच्या नोकरीत नकाशे काढायचे. पार उत्तरेला, दोन देश ज्या डोंगरावर हक्क सांगतात, तिथे रस्ता आणि रेल्वे आखायला त्यांची तुकडी गेलेली. हद्दीचं भांडण पेटलं, काम गुंडाळलं, तुकडी परत आली. मामांनी मात्र काम सोडलं नाही! ठाण्यात वर्तकनगरच्या दोन खोल्यांत ते अजून चालू आहे. वर्तमानपत्रांच्या लगद्याचा तो डोंगर जेवणाच्या टेबलावर उभा आहे आणि माणसं जमिनीवर जेवतात. एकदा मी चुकून खिंडीत वरणाची वाटी ठेवली, तर मामा केवढ्याने ओरडले, "जावईबापू, उचला! सहा महिने वाहतूक बंद पडेल!" मामी म्हणतात, "सवत असती तर भांडले तरी असते. या डोंगराशी काय भांडू?"

आणि नियम म्हणजे नियम. हद्द वादात असली की निकाल लागेपर्यंत नकाशात तेवढी जागा कोरी सोडायची. नोकरीत ठीक होतं हो! पण स्वतःच्या मुलीच्या लग्नपत्रिकेवरचा हॉलचा नकाशाही मामांनीच काढला. हॉल मोहन्याला. कल्याण स्टेशन, मारुतीचं देऊळ, पिठाची गिरणी, सगळं कसं रेखीव. पण हॉलच्या गल्लीवरून दोन भावांचा कोर्टात दावा चाललेला. झालं! मामांनी गल्ली हॉलसकट कोरी सोडली. तेव्हा फोनमध्ये नकाशे नव्हते. मुहूर्त जवळ आला तरी वऱ्हाडाचा पत्ता नाही म्हणून मी शोधत निघालो, तर बस गिरणीपाशी उभी. जरीटोपीवर पिठाचा थर घेऊन नवरदेव ओट्यावर बसलेला आणि दळण घेऊन आलेल्या बायका त्याला न्याहाळतायत. सगळ्यांना अक्षरशः पळवत आणलं. मामा दारातच उभे होते. "अहो, हॉल तरी दाखवायचा ना!" मी म्हटलं. "आणि उद्या निकाल उलटा लागला म्हणजे?" मामा शांतपणे म्हणाले.

हे वेड मात्र उगाच लागलेलं नाही. त्या डोंगरातल्या उंच वाडीत मामा तापाने फणफणले तेव्हा एका बाईने त्यांना आठवडाभर सांभाळलं. तिच्या गावात आजारी माणसाला पाठीवर बांधून खाली उतरवायचे. निघताना मामा बोलून गेले, "रस्ता मी तुझ्या दारापर्यंत आणतो." तो शब्द पाळायचा म्हणून दरवर्षी सुधारित आखणी दिल्लीला पोस्टाने जाते. रस्ता, आणि त्याला सोबत म्हणून बोगद्यातून रेल्वे. उत्तर एकदाही आलेलं नाही.

यंदा मे महिन्यात आम्ही एका टूरबरोबर त्या बाजूला गेलेलो. मामांनी वाडीचं नाव लिहून दिलेलं. खाली नदीकाठाने चांगला रुंद रस्ता झालाय, आणि त्यावर चहाची टपरी चालवणारा माणूस नेमका त्या बाईचा मुलगा निघाला. म्हणाला, वरची वाडी ओस पडली, सगळे रस्त्याकाठी राहायला आले. आई तेवढी आली नाही. एक साहेब रस्ता इथेच येणार म्हणून सांगून गेलाय, म्हणायची. मागच्या थंडीत वरच्या घरातच वारली.

ठाण्याला येऊन मामांना रस्ता झाल्याचं सांगितलं, वाडी खाली आल्याचंही सांगितलं. मामा भडकलेच. "गाव हलवायला मंजुरी कुणी दिली?" मग टेबलावरच्या डोंगरात वरच्या वाडीवर त्यांनी बोट ठेवलं.

"आणि ती?"

"गेली मामा. पण आधी रस्ता बघितला तिने. मुलाने गाडीतून फिरवून आणलं," मी साफ खोटं बोललो.

मामांचा चेहरा असा काही उजळला की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"खिडकीपाशी बसवलं असेल ना रे तिला?"

"हो तर. खिडकीपाशीच."