दहा मिनिटांचा दवाखाना

"दोन कागद भांडत नाहीत, म्हणजे त्यांचं पटतं असं नाही," हे मावशींचं ठरलेलं वाक्य. नगर नियोजनाच्या कचेरीत त्या एकतीस वर्षं एवढंच बघत आल्या, की वरून आलेलं धोरण एक म्हणतंय आणि खालचा आराखडा भलतंच तर करत नाही ना. काम असं, की चुकलं तर सगळ्या शहराला दिसतं आणि जमलं तर कुणालाच नाही.

कचेरीत नकाशे काढणारे एक गृहस्थ होते, सगळे त्यांना नकाशेवाले म्हणत; त्यांचा मावशींवर जीव. पण त्या दिवशी ते मावशींच्या टेबलाशी धास्तावून उभे होते. आठ महिने डोळे फोडून काढलेला आराखडा, आणि कोपऱ्यात पहिल्यांदाच त्यांचं स्वतःचं नाव. संध्याकाळी साहेब सही करणार होते, पण मावशींची झाल्यावरच.

मावशींनी बरणीतली जुनी बटणं काढली. धोरणातल्या प्रत्येक उद्दिष्टावर एक बटण. नकाशात ते सापडलं की उचलून तिथं ठेवायचं, ही त्यांची रीत. वृद्धांना दहा मिनिटांत चालत दवाखाना गाठता यावा, ते बटण दवाखान्यावर बसलं. गाड्या न थांबता जाव्यात, ते वस्ती आणि दवाखाना यांच्यामधल्या नव्या रस्त्यावर. दोन्ही बटणं एकमेकांना चिकटली. मावशी चपला पायात सरकवून म्हणाल्या, चला.

रस्त्याच्या मधोमध सलग भिंत येणार होती, तिच्या खुणा पडल्या होत्या. ओलांडायची जागा पार टोकाला. मावशी आपल्या दुखऱ्या पायांनी वस्तीपासून टोकापर्यंत गेल्या, वळसा घालून पलीकडं दवाखान्यापाशी आल्या. नकाशेवाल्यांनी घड्याळ पाहिलं. तेवीस मिनिटं.

"मी पट्टीनं मोजलं होतं, मावशी," ते पुटपुटले.

"पट्टीला गुडघे नसतात, भाऊ."

दोन्ही उद्दिष्टं चांगलीच आहेत, त्यांनी समजावलं. फक्त एकमेकांना विचारून आलेली नाहीत. भिंतीत मधे एक वाट काढा, गाड्या थांबतील घटकाभर.

"आणि साहेब? आज सही नाही झाली तर आराखडा दुसऱ्याकडं जाईल. कोपऱ्यात नावही त्याचंच लागेल."

"साहेबांना मी सांगते. तुम्ही वाट काढा. नाव तुमचंच राहील, ते माझ्यावर सोपवा."

नकाशाची गुंडाळी काखेत मारून त्या कचेरीकडं निघाल्या. डावा पाय जरा ओढत, पण कुणाची वाट न बघता. कडेच्या पंक्चरवाल्यानं हातातली ट्यूब तशीच धरून विचारलं, आई का तुमच्या? नकाशेवाल्यांनी मान हलवली, कशी ते त्यांनाही कळलं नाही, आणि मावशी वळणापलीकडं जाईपर्यंत दोघंही बघत राहिले.